टोकाचं पेट्रोल

"टाकी भरलेली आहे" हे वाक्य मंदा शेट्ये यांच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. "भरलेली दिसतेय" म्हणायच्या, "दत्ता म्हणतो भरलीय" म्हणायच्या, आणि स्वतः पंखावर गुडघे टेकून, झाकण उघडून, काठी बुडवून बघितल्यावर फार तर "हां, आहे" एवढंच. रत्नागिरीला, मिरजोळ्याच्या बाजूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, धावपट्टी आहे. तिच्या कडेला आमच्या सर्वेक्षण कंपनीची एक पत्र्याची शेड होती, शेडमध्ये एका इंजिनाचं जुनं छोटं विमान होतं, आणि शेट्येबाई त्या विमानाच्या वैमानिक होत्या. पुढे दोन खुर्च्या. मागच्या खुर्च्या काढून तिथे जमिनीकडे तोंड केलेला कॅमेरा बसवला होता, आणि त्या कॅमेऱ्याशेजारी एका फळकुटावर मी. किनारा कुठे खचतोय, खाडीचं तोंड कुठे सरकतंय, याचे वरून फोटो काढायचे, हे आमचं काम.

बाईंना सगळे कॅप्टन बाय म्हणायचे. सुरुवात दत्ताने केली. दत्ता मिरजोळ्याचाच, पेट्रोल भरणं आणि विमान पुसणं ही त्याची कामं. पुण्याहून आलेल्या आमच्या मॅनेजरांना, देशपांडे साहेबांना, हे "बाय" अजिबात खपायचं नाही. "कॅप्टन शेट्ये म्हणायचं," ते दत्ताला बजावायचे. दत्ता "होय साहेब" म्हणायचा आणि दारातूनच हाक मारायचा, "बाय, साहेब बोलावतायत."

दिसायला त्या कॅप्टन वगैरे मुळीच वाटायच्या नाहीत. साठी उलटलेली, ठेंगणी, कापलेले पांढरे केस, पायात चामड्याच्या चपला. भाट्याहून स्कूटरवर यायच्या आणि स्कूटरच्या हुकाला डब्याच्या पिशवीबरोबर एक उशी लटकवलेली असायची, फुलाफुलांच्या अभ्र्याची. ती उशी खुर्चीवर ठेवल्याशिवाय त्यांना काचेतून पुढचं दिसत नसे. बाहेरून कोणी पाहुणा आला की आधी उशीकडे बघायचा, मग बाईंकडे, मग माझ्याकडे. मी नजर चुकवायचो. बाई चुकवायच्या नाहीत. "उशी माझी आहे," त्या सांगायच्या. "विमान कंपनीचं."

आता टाक्यांचं सांगायला हवं, कारण त्यांच्यावाचून बाईंचं काही सांगताच येणार नाही. आमच्या विमानाच्या दोन्ही पंखांत एकेक मुख्य टाकी होती. त्यातल्या पेट्रोलवर इंजिन चालायचं. शिवाय पंखांच्या अगदी टोकांना दोन लांबट टाक्या नंतर कोणीतरी बसवून घेतल्या होत्या, दोन्ही टोकांना दुधीभोपळे लावल्यासारख्या. आमच्याकडे विमानाचं पेट्रोल मिळायचं नाही. ते पिंपांतून, घाट उतरून, ट्रकने यायचं. त्यामुळे एकदा निघालं की अलिबागपर्यंत जाऊन, कुठे न उतरता, परत रत्नागिरीला यायचं तर या टोकाच्या टाक्यांशिवाय भागत नसे. गोम अशी की टोकातलं पेट्रोल थेट इंजिनाला जात नाही. बटण दाबलं की एक छोटा पंप ते मुख्य टाकीत आणून सोडतो, आणि मग ते वापरता येतं. डाव्या टोकाचं बटण वेगळं, उजव्याचं वेगळं.

बाईंचा सगळा धर्म या एका गोष्टीवर उभा होता. "टोकाचं पेट्रोल आपलं नाय," त्या म्हणायच्या. "मधे आलं की आपलं." म्हणून टोकाची बटणं कधी दाबायची हे त्यांनी पक्कं ठरवून टाकलेलं. निघाल्यानिघाल्या नाही, कारण मुख्य टाकी भरलेली असताना पंप चालू केला तर वरचं पेट्रोल तिच्या नळीवाटे बाहेर सांडून जातं. आणि मुख्य टाकी तळाला जाईपर्यंत तर मुळीच थांबायचं नाही. मुख्य टाकीत जरा जागा झाली, पण घरी परतण्याइतकं पेट्रोल अजून तिच्यात शिल्लक आहे, अशा वेळी दाबायची. आलं तर पुढे जायचं. नाही आलं तर मागे फिरायचं. पुष्कळ वैमानिक असं करत नाहीत, आधी मधलं संपवत आणतात आणि मग टोकाला हात घालतात, असं त्या सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "त्यांचं नशीब थोर आहे. माझं बेताचं."

पेट्रोलच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. काटा त्याला वाटतं ते सांगतो, असं त्यांचं मत. पोफळीची एक लांब कामटी तासून, तिच्यावर खुणा कोरून त्यांनी स्वतःचं माप केलं होतं. पण कामटीही खरं बोलायची ती विमान समतल असेल तरच. आमचा सडा लांबून बघणाऱ्याला सपाट वाटतो, पण तो कातळ कुठेच सपाट नाही, आणि शेडसमोरची जागाही एका अंगाला कललेली. विमान कललं की एका पंखात जास्त आणि दुसऱ्यात कमी असल्यासारखं दिसायचं. त्यावर बाईंनी उपाय काढला. घरची पितळी परात आणली, विमानाच्या दारात ठेवली आणि तिच्यात पाणी ओतलं. पाणी परातीच्या काठाशी सगळीकडून सारखं लागेपर्यंत मी आणि दत्ता विमान ढकलायचो. "पुढे घ्या. अजून. फार झालं, मागे. हां." मग कामटी.

देशपांडे साहेबांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना हसू आवरेना. "कॅप्टन, आपण विमान उडवणार आहोत की कणीक मळणार आहोत?"

"कणीक बिघडली तर चपाती बिघडते साहेब," बाई परातीवरून नजर न काढता म्हणाल्या. "बाकी कोणाचं काय बिघडत नाय."

साहेब आत गेले. मला कधीकधी बाईंचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. सकाळचं कोवळं ऊन फोटोंना लागतं, आणि ते त्या परातीत वाया चाललेलं मी बघत बसायचो. एकदा तसं बोललोही. त्या म्हणाल्या, "तुझ्या उन्हाला मी अडवलेलं नाय रे. उद्या पण पडेल ते." उद्याचं ऊन पाहायला आपण असलं पाहिजे, हा पुढचा भाग त्यांनी माझ्यावर सोडला होता.

कोणी म्हणेल बाई हेकट होत्या, चूक कबूल करणाऱ्यांतल्या नव्हत्या. देशपांडे साहेब पुढे हेच सगळ्यांना सांगत फिरले. म्हणून आंब्याची गोष्ट सांगतो.

एका हिवाळ्यात बाई आठवडाभर मालगुंडला बहिणीकडे गेल्या होत्या आणि बदली म्हणून बाहेरचा एक वैमानिक आला होता. त्याने चाक जमिनीवरून उचललं न उचललं तोच टोकाची दोन्ही बटणं दाबली. मधल्या टाक्या काठोकाठ. नळीवाटे पेट्रोल जे सुटलं ते पंखांमागे पांढऱ्या धारा काढत गेलं, मी मागून बघतोय. खाली अप्पा नावाच्या एका म्हाताऱ्या बागायतदारांची हापूसची कलमं, आणि कलमं मोहोराने लगडलेली. पेट्रोल खाली पोचेपर्यंत बहुतेक हवेतच विरून गेलं असणार. पण अप्पांच्या नाकाला वास आला, आणि बागायतदाराच्या नाकाशी वाद घालता येत नाही.

बाई परत आल्या त्या दिवशी अप्पा काठी टेकत शेडवर हजर. "माझ्या मोहोरावर पेट्रोल कोणी मारलान?" त्यांनी दारातूनच विचारलं. "फवारणी मी सांगितली होती काय तुमास?"

देशपांडे साहेब पुढे झाले आणि वाऱ्याची दिशा, बाष्पीभवन असं काहीबाही सांगू लागले. बाईंनी त्यांना बाजूला केलं. वास्तविक पेट्रोल सांडलं त्या दिवशी बाई रत्नागिरीतसुद्धा नव्हत्या. त्यांनी अप्पांना खुर्ची दिली आणि समोर उभ्या राहून हात जोडले. "अप्पा, चूक आमची. पंपाची नाय, माणसाची. परत होणार नाय. माफ करा."

"आणि आंब्याला वास लागला तर?"

"तर तो आंबा मी खाईन."

अप्पा म्हणजे अस्सल इथले. वैशाखात खरंच एक पेटी घेऊन आले आणि बाईंच्या समोर बसले. बाईंनी एक आंबा उचलून हुंगला, देठ काढला, आमच्यासमोर सबंध चोखून खाल्ला, कोय पुन्हा एकदा हुंगली आणि अप्पांच्या पुढे धरली. "घ्या, बघा." अप्पांनी हुंगली. "हापूस हाय," ते म्हणाले, जरा नाइलाजानेच. मग दोघांनी मिळून अर्धी पेटी संपवली, आणि बाईंनी त्या बदली वैमानिकाला फोन लावून जे झाडलं, ते आम्ही शेडच्या बाहेर उभं राहून ऐकलं.

आता टोपड्यांचं. टोकाच्या प्रत्येक टाकीखाली बोटाएवढी एक वाकडी नळी असते. हवेची. पेट्रोल बाहेर पडेल तशी तिच्यातून हवा आत जाते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल थेंबथेंब येतं आणि मग येईनासंच होतं, तसं ही नळी बुजली की पंप नुसता घरघरतो आणि पेट्रोल जागचं हलत नाही. आमच्याकडे कुंभारीण माशी फार. खिडकीच्या कोपऱ्यात, कुलपाच्या भोकात, मिळेल तिथे लाल मातीचं घर बांधते. म्हणून बाईंनी लाल कापडाची, नाडीची, अगदी तान्ह्या पोराच्या डोक्याला बांधतात तशी टोपडी शिवली होती. विमान शेडमध्ये गेलं की दोन्ही नळ्यांना टोपडी बांधायची, उडायच्या आधी सोडायची. हे काम त्या दत्तालाही करू द्यायच्या नाहीत.

ज्यांच्यासाठी आम्ही किनारा मोजत होतो त्या मुंबईच्या कंपनीचे मालक स्वतः येणार, विमानातून किनारा बघणार, असं ठरलं आणि देशपांडे साहेबांना नवं बळ चढलं. शेडला रंग दिला. फोटो काढायला माणूस आणला. बाई तेव्हा वर्षाच्या वैद्यकीय तपासणीसाठी मुंबईला गेल्या होत्या. फोटोवाला टोपड्यांकडे बघून हसला असावा. साहेबांनी ती सोडून आपल्या खणात टाकली. "हे विमान आहे, बारसं नाही," असं दत्ताला म्हणाले. बाई येईपर्यंत विमान तसंच, उघड्या नळ्यांनी उभं होतं.

बाई आल्या, डोळे, कान, छाती सगळं ठीक असल्याचा डॉक्टरांचा शिक्का घेऊन. दुसऱ्या सकाळी मालक गाडीतून उतरत असताना त्यांनी विचारलं, "टोपडी कुठायत?"

"कॅप्टन, प्लीज. आज नको," साहेब दबल्या आवाजात म्हणाले.

बाई खाली वाकल्या. विजेरी मारून नळ्या पाहिल्या, तार घालून पाहिली. उजवीतून थोडी माती पडली, डावीतून काहीच नाही. डावीतली तार वाकणाशी अडली होती, माती त्याच्या पलीकडे होती, हे तेव्हा कोणाला कळणार. बाई उठल्या, हात झटकले. "नळीचं तोंड साफ आहे," त्या म्हणाल्या. साफ आहे असं नुसतं म्हणाल्या नाहीत.

निघालो. मालक बाईंच्या शेजारच्या खुर्चीत, मी मागे. मालक वाईट माणूस नव्हते. गणपतीपुळ्याचं देऊळ वरून दिसलं तेव्हा त्यांनी हात जोडले. पण त्यांना बघायची होती ती श्रीवर्धनच्या पुढची एक खाडी. तिच्या तोंडाशी त्यांचं मोठं काम व्हायचं होतं आणि त्यासाठीच ते आले होते. गुहागर मागे पडलं. दाभोळच्या खाडीवर बाईंनी टोकाची दोन्ही बटणं दाबली आणि मुख्य टाक्यांच्या काट्यांकडे बघत राहिल्या. पेट्रोल आलं की काटा वर सरकतो, एवढं त्या काट्यांकडून त्या ऐकून घ्यायच्या. उजवा वर सरकला. डावा खालीच जात होता. थोड्या वेळाने विमान डावीकडे ओढ घेऊ लागलं, कारण उजवं टोक हलकं होत चाललं होतं आणि डावं भरलेलंच होतं. बाईंनी लगेच उजवं बटण बंद केलं, म्हणजे दोन टोकांतला फरक आणखी वाढू नये. डावं बंद करून परत लावलं. वाट पाहिली. पंख जरा हलवून पाहिले. खाली हर्णैचं बंदर आलं.

"वळतेय," बाई म्हणाल्या.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"डावीकडचं येत नाय."

"संपलं?"

"नाय. भरलेलं आहे. येत नाय."

"अहो मग जरा पुढे जाऊ. येईल."

"आलं असतं तर गेलो असतो."

"मधल्या टाकीत तरी आहे ना?"

"आहे. घरी जाण्यापुरतं आणि वर थोडं. तेवढंच माझं आहे."

"श्रीवर्धन इथे समोर आहे," मालकांचा आवाज चढला. "मी त्यासाठी मुंबईहून आलोय."

"दाखवीन साहेब. आज नाय."

तोवर विमान वळलंही होतं. मालकांचा ताबा सुटला. आमचं कंत्राट काय, बाईंचं वय काय, असल्या खटाऱ्यात बसवायची तुमची हिंमत कशी झाली, असं बरंच काही हेडफोनमधून आमच्या कानांत येऊ लागलं. बाईंनी उजवा हात लांब केला आणि मालकांच्या हेडफोनची पिन काढून टाकली. स्वयंपाकघरातला दिवा मालवावा इतक्या साधेपणाने. नंतर मालक ओरडतायत हे दिसत होतं फक्त. मला हसू आलं, आणि खूप भीतीही वाटत होती. पण बाईंची मान मागून बघत होतो, ती जराही हलली नाही.

रत्नागिरी जवळ आल्यावर त्या सरळ उतरल्या नाहीत. वरच, भरपूर उंचीवर, वेग कमी करून पाहिला, डावा पंख किती जड लागतो ते अजमावलं, आणि मगच खाली आल्या, नेहमीपेक्षा थोड्या जास्त वेगाने. चाकं टेकली. मालक उतरले आणि तडक गाडीत जाऊन बसले.

दत्ताने डाव्या नळीत लवचीक तार घातली, फिरवली, ओढली. लाल मातीचा एक गोळा त्याच्या तळहातावर पडला. "कुंभारणीनं घर बांधलान, बाय," तो म्हणाला. बाईंनी देशपांडे साहेबांकडे नुसतं बघितलं. साहेब आत गेले, खणातून टोपडी आणून त्यांनी बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती बांधली.

मातीच्या गोळ्याचं मालकांना कोणी सांगितलं नाही. त्यांना सांगितलं गेलं की वैमानिकाचा अंदाज चुकला. मग ठरलं की बाईंनी मालकांना दोन ओळी लिहाव्यात, झाल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे म्हणून. साहेबांनी त्या ओळी टाइप करूनच आणल्या होत्या, खाली सही तेवढी हवी.

"कशाबद्दल?" बाईंनी विचारलं.

"गैरसोयीबद्दल. कॅप्टन, नुसता उपचार आहे."

"नळी उघडी ठेवली त्याबद्दल तुम्ही लिहा. मी वळले. वळल्याची दिलगिरी मी लिहिली तर पुढच्या वेळी हात वळणार नाय माझा." कागद त्यांनी घडी न करता परत दिला.

त्यांचा करार संपत आला होता. पुढे वाढवायचा नाही, असं वरून आलं. इथवरही बाईंनी मान खाली घातली असती. नोकरी जाणं त्यांना नवं नव्हतं. पण साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं की आपण तब्येतीचं कारण देऊ, या वयात ते शोभूनही दिसेल, छान निरोप समारंभ करू. संध्याकाळी स्कूटर सुरू करता करता त्यांनी मला हे सांगितलं ते रागाने.

"काढलं म्हणाले असते तर दुसरीकडे गेले असते रे मी. विमानं थोडी आहेत, सगळे सगळ्यांना ओळखतात. वळली म्हणून काढलं, असं कळलं तर एखादा शहाणा उलट बोलावून घेईल. पण तब्येत म्हटलं की संपलं. मग मला कोण उशी ठेवू देणार आहे?"

"समारंभाला जाऊ नका," मी म्हणालो.

"जाणार तर. माझाच आहे ना?"

तो समारंभ शेडमध्येच झाला. विमान बाहेर काढलं होतं, आत खुर्च्या, पुढे भाड्याचा सोफा, मागे बाईंचं नाव लिहिलेला फलक. त्यांच्या जागी आलेला रोहन नावाचा तरुण वैमानिक पहिल्या रांगेत बसला होता. विदर्भातला, नम्र, चुणचुणीत. मालकही आले होते, एवढं मोठं मन दाखवून. मी त्यानंतर लवकरच ती कंपनी सोडली. बाई मला पुन्हा भेटल्या नाहीत, फक्त कुठेतरी उडायला शिकवतात असं कानावर येतं. ते खरं असावं असं मला फार वाटतं.

साहेब चांगलं बोलले. रत्नागिरीची कन्या, नारीशक्ती, सगळं झालं. आणि शेवटी, "वाढतं वय आणि प्रकृती यामुळे कॅप्टन शेट्ये यांनी स्वतःहून विश्रांती घ्यायचं ठरवलं आहे, त्यांना निरामय आयुष्य लाभो." टाळ्या वाजल्या. साहेबांनी शाल उलगडली.

बाई सोफ्यावरून उठल्या. शालीखाली वाकल्या नाहीत, माइकपाशी गेल्या.

"माझी प्रकृती चांगली आहे," त्या म्हणाल्या. "डोळे, कान, छाती मुंबईच्या डॉक्टरांनी बघितलीय. मी विश्रांती मागितलेली नाय. मला काढलंय, कारण मी हर्णैवरून विमान वळवलं. डाव्या टोकाचं पेट्रोल येत नव्हतं, नळीत कुंभारणीची माती होती. मालक, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाय, म्हणून मी सांगते. मला काढलंत तर काढलंत. पण माझ्या तब्येतीवर ढकलू नका. उद्या परत तसंच झालं तर मी परत वळेन. शाल नको."

आणि जाऊन बसल्या. मालक साहेबांकडे बघत होते, साहेब शालीकडे. मला उठून काहीतरी म्हणावंसं वाटलं, पण त्याआधी रोहन उठला.

"मॅडम, एक बोलू? त्या दिवशी तुमच्या जागी मी असतो तर वळलो नसतो."

"रोहन, खाली बस," साहेब म्हणाले.

बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. "का नसतास वळला?"

"टोकात पेट्रोल होतं. आणि शेजारी मालक होते."

"ह्यातलं मोठं कारण कुठलं?"

रोहन जरा घुटमळला. "मालक," तो म्हणाला.

बाई हसल्या. त्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "खरं बोललास. ये इकडे."

त्यांनी रोहनला सोफ्यावर बसवलं आणि स्वतः एक खुर्ची ओढून त्याच्या समोर बसल्या, सगळ्या सभेकडे पाठ करून. टेबलावरचे पाण्याचे दोन तांबे सोफ्याच्या दोन हातांवर ठेवले, ह्या टोकाच्या टाक्या, आणि दोन फुलपात्रं आत, त्याच्या मांडीजवळ, ह्या मधल्या. दत्ता आपली खुर्ची घेऊन पुढे सरकला. मीही सरकलो. साहेब हातावर शाल घेऊन उभेच होते, बसावं की जावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मालक तेवढे उठून आमच्या मागे येऊन उभे राहिले, आणि गेले नाहीत. बाईंनी तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतून दाखवलं, कधी ओतायचं, कधी नाही, एका बाजूचं आलं नाही तर दुसरी का बंद करायची, उतरायच्या आधी वरच वेग का कमी करून बघायचा. रोहन विचारत होता आणि त्या सांगत होत्या, आवाज न चढवता, जणू फलक, हार, माइक हे सगळं दुसऱ्या कोणासाठी होतं.

"आता तू सांग," शेवटी त्या म्हणाल्या. "हर्णैच्या वर आहेस. डावा पंख जड झालाय. मधे घरापुरतं आहे. शेजारचा माणूस ओरडतोय, आणि तुझी नोकरी त्याच्या हातात आहे. काय करशील?"

"वळेन."

"आणि तो?"

रोहनने मान वर करून साहेबांकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या मालकांकडे, आणि मग बाईंकडे.

"ओरडू दे," तो म्हणाला.